खेकड्यावर कीमन आबांचं नाव : दीड वर्षाच्या नोंदी

घरातल्या रेल्वेच्या माणसाचं नाव इंजिनाला द्यावं असं कुणाच्या मनात आलं, तर माझे जे रविवार वाया गेले ते त्यांचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या. इंजिन खरं नाही, १:१६ मापाचं आहे, मोटार नसलेलं, हाताने ढकलायचं. नाव मात्र खरं.

१२ फेब्रुवारी २०२३, कर्जत

आज बाबांशी बोलून काम नक्की केलं. माझे आजोबा भोर घाटात कीमन होते. ठाकूरवाडी आणि मंकी हिलच्या मधल्या तुकड्यावर रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून निघायचं, रूळ जागेवर धरणारी, सैल झालेली प्रत्येक चावी ठोकत जायचं. पावसाळ्यात त्यांना रात्रीच्या पेट्रोलला, म्हणजे रुळांवरच्या गस्तीला, घेत. १९६७ च्या आषाढात, वद्य चतुर्थीच्या रात्री, ते निघाले आणि परत आले नाहीत. पेट्रोलवाले आपापल्या हद्दीच्या टोकाला भेटून एकमेकांच्या वह्या बदलतात, म्हणजे दोघंही पूर्ण चालले याची खूण राहते. पलीकडचा माणूस टोकाला थांबून राहिला. आमच्या घरात ती गोष्ट आजही एवढ्याच शब्दांत सांगतात : वही आली नाही. दरडीखालून त्यांना काढायला दोन दिवस लागले. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते.

इंजिन कुठलं, हे विचारायची गरजच नव्हती. खेकडा. घाटातल्या मालगाड्या ओढणारं, चढावर गाडी ढकलायला मागून बँकर म्हणून लागणारं, दोन बाजूंना लांब नाकाडं असलेलं ते विजेचं इंजिन. कागदावर आधी ईएफ/१, नंतर डब्ल्यूसीजी-१. १९२८ पासून एकूण ४१ आली : पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरटूरमधून, बाकीची ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फौंड्रीतून. उभं असताना कण्हायचं आणि चालताना बाजूचे दांडे सपसप आवाज करायचे, म्हणून खेकडा. बाबांनी पुढे शेडमध्ये फिटर म्हणून नोकरी केली, त्यांना तो आवाज तोंडाने काढता येतो.

मूळ इंजिन वीस मीटरच्या आसपास, म्हणजे आपलं सव्वा मीटर. ठरवलं की यंदाच्या तिथीला, ६ जुलैला, पुरं करायचं. पाच महिने पुरतील असं वाटतंय.

५ मार्च

पहिली फ्रेम फुकट गेली.

खेकड्याचं पूर्ण मापांचं ड्रॉइंग मला मिळालं नाही. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड मार्गावरच्या 'क्रोकोडाइल' इंजिनाचं मिळालं. दिसायला सख्खी भावंडं, म्हणून तेच सोळाव्या हिश्शावर आणलं आणि बारा मिलिमीटरच्या प्लायमधून दोन्ही बोगींच्या, म्हणजे चाकं धरणाऱ्या सांगाड्यांच्या, फ्रेमा कापल्या. तीन रविवार गेले. आज बाबांनी फ्रेम हातात धरली, दोन बाजूंच्या मध्ये चार बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "अगं, हे इंजिन उपाशी आहे का? एवढं अरुंद?"

स्वित्झर्लंडच्या त्या मार्गाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,४३५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १,६७६ चा. सोळाने भागलं तर एक येतो ९० च्या आत, दुसरा १०५ च्या जवळ. पंधरा मिलिमीटरचा फरक. मी रोज आठ तास ड्रॉइंगच काढते, आणि गेज तपासायचं राहिलं. लाकूड, कटिंग मिळून २,२०० रुपये गेले. नवी फ्रेम १०५ धरून काढली. परदेशी ड्रॉइंग वापरणार असाल तर पहिली रेघ मारण्याआधी रुळांचं अंतर बघा. उंची, लांबी फोटोवरून सावरता येते, हे नाही.

२ एप्रिल

चाकं आली. भोसरीत एका लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची बारा चाकं आणि आस करून घेतले, ६,८०० रुपये. काम सुरेख आहे.

चाकं एकमेकांना जोडणारे दांडे मी घरी केले, तीन मिलिमीटरच्या पितळी पट्टीतून. जोडले, ढकललं, अर्धा फेरा फिरलं आणि अडकलं. मागे ओढलं की सुटायचं, पुढे नेलं की त्याच जागी अडकायचं. भोकं मोठी करून पाहिली, तेल घातलं. दोन तास गेले. बाबा दुपारची झोप काढून आले आणि बघताक्षणी म्हणाले, "दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी टोकाला जातायत. एका बाजूचा वर असेल तेव्हा दुसऱ्या बाजूचा पुढे पाहिजे."

दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये, म्हणजे दांडा चाकाला जिथे जोडतात त्या खुंट्यांमध्ये, नव्वद अंशांचा फरक लागतो. तो नसेल तर दोन्ही दांडे एकाच क्षणी डेड सेंटरला, म्हणजे टोकाला, येतात आणि चाकाला कुठे वळायचं ते कळत नाही. मी दोन्ही बाजू सारख्याच बसवल्या होत्या, दिसायला नीटनेटक्या. सगळी चाकं आसावरून काढून, लाकडी ठोकळ्यात काटकोनात दोन खिळे मारून एक जिग केला आणि त्यात एकेक जोडी बसवली. आता एका बोटाने चालतं. पण मोठी केलेली भोकं आता सैल झालीत, त्यात पितळी बुश (आतल्या कड्या) घालावे लागले. अडकतंय म्हणून भोक मोठं करू नका, आधी का अडकतंय ते शोधा.

२३ एप्रिल

आज हातात हत्यार घेतलं नाही. पाटीवर काय लिहायचं यावर दिवस गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

या इंजिनांना नावं होती. एका खेकड्यावर 'सर लेस्ली विल्सन'. प्रवासी गाड्यांच्या इंजिनांपैकी एकावर 'सर रॉजर लम्ली'. दोघेही मुंबईचे गव्हर्नर. आजोबा ज्या रुळांच्या चाव्या ठोकत त्या रुळांवरून ती नावं रोज खाली-वर जात होती. त्यांचं स्वतःचं नाव फक्त हजेरीपटात, तेही इंग्रजीत, आणि त्यात आडनावाचं एक अक्षर चुकलेलं.

घाटाचं काम झालं तेव्हाचीही तीच कथा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम पुढे नेलं, १८६३ मध्ये घाट खुला झाला. तिचं नाव लोक आदराने घेतात आणि घ्यायलाच हवं. कॉलऱ्याने मेलेल्या मजुरांचं एकही नाव आपल्याला माहीत नाही. कोकण रेल्वेने रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक उभं केलं, बांधकामात गेलेल्यांसाठी. मी आणि बाबा तिथे गेलो होतो तेव्हा बाबा बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. या कामाचं मूळ बहुधा तिथे आहे.

बाबांचं म्हणणं, पूर्ण नाव लिही : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माझं म्हणणं, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये सगळे त्यांना आबा म्हणत, ते वयाने मोठे होते म्हणून, तर आबाच लिहू. बाबांना ते घरगुती वाटलं. "पाटी आहे ती, राखीचं पाकीट नाही."

मग मी त्यांना जॉन अ‍ॅक्सनची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधला मालगाडीचा ड्रायव्हर. ९ फेब्रुवारी १९५७ ला चढावर त्याच्या इंजिनाची वाफेची नळी फुटली, ब्रेकपर्यंत हात पोचेना. फायरमनला त्याने उतरून डब्यांचे हँडब्रेक लावायला सांगितलं आणि स्वतः बाहेर लटकून गाडीबरोबर राहिला, वाटेतल्या सिग्नलमनला हात करून सावध केलं. चॅपल-एन-ल-फ्रिथला पुढे चाललेल्या गाडीवर आदळून तो गेला. त्याला जॉर्ज क्रॉस (जी.सी.) हे शौर्यपदक मिळालं, आणि १९८१ मध्ये ब्रिटिश रेल्वेने ८६२६१ क्रमांकाच्या विजेच्या इंजिनाला त्याचं नाव दिलं. पाटीवर नुसतं नाव नाही, 'ड्रायव्हर जॉन अ‍ॅक्सन जी.सी.' असं आहे. आधी काम, मग माणूस.

बाबांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "कीमन लिही. कीमन आबा. मग ते घरगुती राहत नाही."

तर मजकूर ठरला. वर मोठ्या अक्षरात कीमन आबा, खाली बारीक अक्षरात ठाकूरवाडी – मंकी हिल.

१४ मे

पाटी कुठे लावायची? मला वाटलं होतं हा पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

इंजिनांच्या नावाच्या पाट्या साधारण खोक्याच्या अंगावर, प्लॅटफॉर्मवरच्या माणसाच्या नजरेला येतील अशा असतात. मीही पेन्सिलने तिथेच खूण केली होती. बाबा म्हणाले, "आबा प्लॅटफॉर्मवर कधी उभे होते?"

गाडी आली की कीमन बाजूला होतो आणि खडीच्या कडेला गाडीकडे तोंड करून उभा राहतो. ती जागा रुळाच्या माथ्यापासून किती खाली असते, याचा हिशोब आम्ही जमिनीवर बसून मांडला. रूळ, स्लीपर, त्याखालची खडी मिळून साठ-पासष्ट सेंटिमीटर. आबांची उंची पाच फूट चार इंच, बाबांच्या आठवणीप्रमाणे. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. म्हणजे त्यांचे डोळे रुळाच्या माथ्यापासून फार तर ८५-९० सेंटिमीटर वर.

आजच्या उंच प्लॅटफॉर्मची फरशी रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटरवर असते.

तो आकडा लिहून मी थांबले. मी दर रविवारी पुण्याहून कर्जतला येते, प्लॅटफॉर्मवर उभी राहते, आणि माझी पावलं जिथे असतात तिथे जवळजवळ त्यांचे डोळे असायचे. तिथून इंजिन कसं दिसत असेल? चाकं, दांडे, फ्रेम. गव्हर्नरचं नाव मान वर केल्याशिवाय वाचताच येत नसणार.

तेव्हा पाटी खाली आणायची. ९० सेंटिमीटरवर लावली तर ती चाकांच्या आणि दांड्यांच्या मागे जाते, हे पुठ्ठ्याची पाटी चिकटवून पाहिलं. तिथून वर सरकवत आणली. नाकाडाच्या खालच्या कडेला, फूटप्लेटच्या, म्हणजे चाकांवरच्या कडेच्या पट्टीच्या, लगेच वर जागा मिळाली. पण तिथे सरळ उभी लावली की खालून बघताना फूटप्लेटची कड अर्धी ओळ खाते. पाटीच्या मागे वरच्या बाजूने पाचर घालून ती आठ अंश खाली झुकवली. मग टेबलावर हनुवटी टेकवून पाहिलं. दोन्ही ओळी स्वच्छ दिसल्या. बाबांनीही हनुवटी टेकवून पाहिलं.

१८ जून

छोटी पाटी, पहिला प्रयत्न. फसला.

इंजिनावरची पाटी ५६ मिलिमीटर लांब. एवढ्या बारीक अक्षरांचं ओतकाम होत नाही, म्हणून फेरिक क्लोराइडने एचिंग. ०.७ मिलिमीटरचा पितळी पत्रा, चकचकीत कागदावर लेझर प्रिंट (उलटा, आरशातल्यासारखा), तो पत्र्यावर ठेवून इस्त्री, कागद पाण्यात भिजवून सोलायचा. काळी शाई जिथे चिकटली तिथलं पितळ वाचतं, बाकीचं खाल्लं जातं आणि अक्षरं उठून दिसतात.

पत्रा बाहेर काढला, धुतला, भिंगातून पाहिला. पाटीवर लिहिलं होतं : कीमन आवा. खाली : ठाकूरवाडी – मकी हिल.

द्रावण फक्त खाली खात नाही, बाजूनेही खातं. जेवढं खोल, जवळजवळ तेवढंच शाईच्या खाली आत शिरतं. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ ०.३५ मिलिमीटरची होती, ती दोन्ही बाजूंनी पोखरली गेली आणि 'ब'चा 'व' झाला. मंकीवरचा अनुस्वार पूर्ण विरघळला. इंग्रजी अक्षरांत हे एवढं जाणवत नसेल. आपल्याकडे एक रेघ गेली की माणसाचं नाव बदलतं.

आणखी एक, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे करू नका. फेरिकचा डाग फरशीवरून गेलेला नाही आणि आईने ते मला तीनदा दाखवलं आहे. हातमोजे घाला. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्याने पितळी-तांब्याच्या वस्तू आणि नळ्या खाल्ल्या जातात. धुण्याचा सोडा टाकून मारून, गाळ वेगळा करून ठेवलाय.

६ जुलै

आज तिथी. इंजिन अर्धवट, बिनरंगाचं, बिननावाचं टेबलावर आहे. बाबांनी आबांच्या फोटोला हार घातला आणि काही बोलले नाहीत. मी घाई करून काहीतरी चिकटवून दाखवू शकले असते. तसं केलं नाही, ते बरं केलं. पुढच्या वर्षी चतुर्थी २४ जुलैला येते.

३ सप्टेंबर

छोटी पाटी, चौथा प्रयत्न, जमली.

काय बदललं : तिरकी रेघ ०.६ मिलिमीटर केली, त्यासाठी 'ब'चं पोट रुंद काढलं, डोळ्यांना ते जाड दिसतं पण एचिंगनंतर बरोबर येतं. अनुस्वार ०.९. खोली पाव मिलिमीटरऐवजी ०.१५ वर थांबवली, दर दोन मिनिटांनी काढून बघत. पत्रा तोंड खाली करून तरंगत ठेवला, म्हणजे खाल्लेला गाळ अक्षरांत न बसता खाली पडतो. भांडं कोमट पाण्याच्या परातीत ठेवलं, त्यामुळे वेळ निम्म्यावर आला आणि बाजूने खाणंही कमी झालं. टाइपातला तयार फाँट सोडून दिला, अक्षरं स्वतः काढली. बारीक कामाला पुस्तकातले फाँट चालत नाहीत, त्यांच्या रेघा कुठे जाड, कुठे केसासारख्या असतात.

खोलगट भागात काळा रंग भरला, वाळल्यावर बाराशेच्या पॉलिश पेपरने वरचा पुसला. पितळी अक्षरं वर आली. बाबांना भिंग दिलं. त्यांचा मोतीबिंदू अजून काढायचाय. बराच वेळ बघून म्हणाले, "छान आहे. पण मला दिसत नाही."

म्हणून मोठी पाटीही करायची. खऱ्या इंजिनाला शोभेल अशी, ६०० बाय २००. दाराशी लावायची.

८ ऑक्टोबर

ओतारी काका मिळाले. देवाच्या घंटा, समया ओततात, नावाची पाटी पहिल्यांदाच. सुताराकडून सागवानी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना, करून घेतला होता, तो घेऊन गेले. काकांनी तो हातात फिरवला, एका अक्षराच्या कडेवरून नख ओढलं आणि विचारलं, "ताई, हा वाळूतून वर यायचा कसा?"

कडा सरळ उभ्या होत्या. पॅटर्न वाळूतून उचलताना कडा जराशा निमुळत्या हव्यात, नाहीतर वाळू सोबत येते. काका म्हणाले करून बघू. पाटीची जाडी मी पाच मिलिमीटर ठेवली होती, पितळ वाचावं म्हणून.

भट्टी, मूस, रस ओतला, सगळं डोळ्यांसमोर झालं. दुसऱ्या दिवशी पेटी फोडली. 'ब'च्या पोटातली वाळू तुटून पडली होती, तिथे पितळ भरून नुसता गोळा झालेला. पाटी मधोमध सहा मिलिमीटर वाकलेली : वरची शिरोरेषा जाड, पत्रा पातळ, दोघांचं थंड होणं वेगळं, त्या ओढाताणीत ती कमानीसारखी उचलली गेली. आणि लांबी ६०० ऐवजी ५९१. पितळ थंड होताना शंभराला दीड आकसतं, पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. हे मला माहीत होतं. सुताराला द्यायच्या कागदावर लिहायचं राहिलं.

पितळ काकांनी परत घेतलं. मजुरी आणि कोळसा २,५०० गेले, पॅटर्नचे १,८०० गेले.

२६ नोव्हेंबर

दिवाळीत भट्टी बंद, नंतर काकांना लग्नसराईच्या समयांची घाई. थांबले.

मधल्या काळात काकांनी एक गोष्ट सुचवली. घरात आबांचा पितळी बिल्ला आहे, नंबर कोरलेला, दरडीतून त्यांच्यासोबत निघालेला. "तो मुशीत टाकू. त्यांचंच पितळ त्यांच्या नावात जाईल. लोक देवाच्या मूर्तीत घरचं सोनं टाकतात तसं." मला ती कल्पना इतकी आवडली की मी त्याच रात्री बाबांना फोन केला.

बाबा म्हणाले, "नाही." मग थोड्या वेळाने, "त्याच्यावर त्यांच्या अंगठ्याने घासल्याची जागा आहे. ती वितळवायची?"

आज कर्जतला गेल्यावर मी तो बिल्ला पहिल्यांदा नीट पाहिला. खालच्या उजव्या कोपऱ्यात नंबराचा शेवटचा आकडा जवळजवळ सपाट झालाय. सवय असावी, उभं राहिल्या राहिल्या अंगठा फिरवायची. इतकी वर्षं तो देव्हाऱ्याखालच्या खणात होता आणि मला हे माहीत नव्हतं.

२१ जानेवारी २०२४

दुसरा पॅटर्न. या वेळी कागदावर सगळं लिहून दिलं : लांबी ६०९, कडांना पाच अंशांचा ढाळ, 'ब'ची तिरकी रेघ चार मिलिमीटर, पोटाच्या दोन्ही पोकळ्यांचे कोपरे गोल, कारण वाळू टोकदार कोपऱ्यात टिकत नाही. पाटीची जाडी आठ, मागून दोन आडव्या फासळ्या. 'कीमन' आणि 'आबा'मध्ये शिरोरेषा तोडली, तिथे ओढ कमी होते. काकांनी बघून मान डोलावली आणि पहिलाच पॅटर्न असा आणला असता तर, असं म्हणाले नाहीत. त्याबद्दल त्यांची आभारी आहे.

१० मार्च

पाटी झाली. पितळासह ८,९०० रुपये. सरळ आहे, पट्टी ठेवून पाहिली, एक मिलिमीटरचाही उजेड दिसत नाही. 'ब'ची तिरकी रेघ स्वच्छ आली. 'कीमन'च्या 'म'वर रसातल्या हवेचं एक बारीक भोक राहिलंय. भरून देऊ का, असं काकांनी विचारलं. नको म्हटलं.

घरी येताना ती नऊ किलोची पाटी मांडीवर घेऊन गाडीत बसले होते. लोणावळा सोडल्यावर गाडी घाट उतरायला लागली, १ फूट खाली ३७ फुटांत, ब्रेकचा तो जळका वास आला. मंकी हिल गेलं, ठाकूरवाडीला गाडी थांबली. खिडकीतून खाली एक गँगमन उभा होता, केशरी जाकीट, हातात हिरवा झेंडा, गाडीकडे तोंड करून. मला त्याच्या टोपीचा माथा दिसत होता.

रुळांवर उतरून त्या जागेचा फोटो काढायची इच्छा मला अनेकदा झाली आहे. तो गुन्हा आहे आणि घाटात तो जिवावरचा खेळ आहे. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तुम्हीही करू नका.

५ मे

रंग. फोटो वेगवेगळं सांगतात, म्हणून बाबांच्या डोळ्यांवर विसंबले. त्यांना आठवतो तो तांबूस तपकिरी, खालच्या अंगाला ब्रेकच्या धुळीने आणखी गंजकट झालेला. चार नमुने केले, तिसरा त्यांनी ओळखला. दांडे न रंगवता तेलकट ठेवलेत. जास्त लिहिण्यासारखं नाही, रंगकाम एकदाच सरळ गेलं.

२४ जुलै २०२४, आषाढ वद्य चतुर्थी

सकाळी इंजिनावर उजव्या बाजूची छोटी पाटी बसवली, चार पितळी स्क्रूंनी. चिकटवण वापरलं नाही, पुढे कधी काढून साफ करता यावी.

मोठी पाटी दाराशेजारच्या भिंतीवर. उंची ठरवताना गवंड्याने नेहमीप्रमाणे नजरेइतकी खूण केली होती, ती पुसून जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर केली. त्याला ते विचित्र वाटलं. पण बाबा संध्याकाळी दाराच्या पायरीवर बसतात, तिथे बसलं की ती थेट डोळ्यांसमोर येते, एका हातावर.

हिशोब : प्लाय वगैरे ३,४००, वाया गेलेली फ्रेम २,२००, चाकं ६,८००, दांडे आणि बुश २,६५०, एचिंग १,४५०, दोन पॅटर्न ३,६००, फसलेलं ओतकाम २,५००, जमलेलं ८,९००, रंग १,७००. एकूण ३३,२०० रुपये. त्यातले ६,५०० निव्वळ चुकांचे. वेळ सतरा महिने, पाच धरले होते.

पाऊस होता. बाबा पायरीवर बसले आणि पाटीवर बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं, शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने. 'ब'च्या तिरक्या रेघेवर बोट थांबलं. "ही तीच ना, जी जात होती?" हो म्हटलं. खाली कर्जत स्टेशनात बँकर जोडल्याचा दणका ऐकू आला. बाबांनी मान तिकडे वळवली, गाडी चढाला लागेपर्यंत तशीच ठेवली, मग पुन्हा खालची ओळ वाचायला घेतली.

११ ऑगस्ट

एक सूचना राहिली होती. बाबांनी पाटी चिंच-मिठाने घासली, घरची भांडी घासतात तशी, आणि पार्श्वभूमीचा काळा रंग दोन ठिकाणी निघाला. ओतलेल्या पाटीला चिंच लावू नका. मऊ फडकं आणि पितळ पॉलिश पुरे, तेही फक्त अक्षरांच्या माथ्यावर. पुढच्या रविवारी रंग परत भरते. इंजिनाच्या डाव्या बाजूची छोटी पाटी अजून व्हायची आहे, पत्रा कापून ठेवलाय.